धाब्याची माती कुठून आणायची? पांझरेच्या खोऱ्यातल्या एका वाचनओट्याचं प्रकरण

गाव धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या खोऱ्यात. वस्ती दोन हजारांच्या आत. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यातल्या काही चुका माझ्या आहेत आणि काही इतरांच्या, पण सगळ्यांनी ते काम मनापासून केलं होतं. मी वास्तुरचनाकार म्हणून त्यात होते. धुळ्यात माझं छोटं कार्यालय आहे. मातीची, दगडाची, लाकडाची बांधकामं करायची हौस आहे आणि गेली काही वर्षं तशी कामं मिळतही आहेत. हे काम हातात आलं तेव्हा वाटलं होतं की दोन-अडीच महिन्यांत उरकेल.

पार्श्वभूमी

गावात वेशीजवळ एक जुनं धाब्याचं घर होतं. चार पिढ्या त्यात राहिल्या. शेवटच्या आजी गेल्यावर घर बंद पडलं आणि दोन पावसाळ्यांनी मधला खण खाली आला. मुलं-नातवंडं नाशिक-पुण्याला. त्यांनी ठरवलं की जुन्या घराचे सागाचे खांब आणि सर (खांबांवरच्या जाड तुळया) शाळेला द्यायचे, आजींच्या नावाने मुलांना बसून वाचायला एक ओटा बांधायचा आणि रिकाम्या जागेवर आपण स्लॅबचं घर घ्यायचं. थोडे पैसे त्यांनी दिले, थोडे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी जमवले.

ज्यांनी धाबं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खान्देशातल्या जुन्या घराचं छप्पर सपाट असतं. सागाच्या खांबांवर जाड सर, सरांवर कड्या, कड्यांवर चिरलेल्या लाकडाच्या पट्ट्या किंवा तुराट्या-पऱ्हाट्यांचा (तुरीच्या आणि कापसाच्या वाळल्या काड्यांचा) दाट थर, त्यावर शेण-भुसा घालून तुडवलेला गारा, आणि सगळ्यात वर पांढरी, खारट माती. उन्हाळ्यात लोक त्यावर झोपायचे, पापड-कुरडया वाळवायच्या, आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी आल्या की रात्री तिथेच गाण्यांचा फड जमायचा. गॅलरी आणि गच्ची हे शब्द इथे नंतर आले.

शाळेच्या मागे चढ आहे आणि चढाच्या माथ्यावर काळ्या दगडाची एक लांब भिंत उभी आहे. माणसाने बांधलेली नव्हे. जुन्या बेसाल्टच्या थरांना पडलेल्या भेगांतून वितळलेला खडक वर घुसला, तिथेच थिजला, आणि आजूबाजूचा मऊ भाग झिजून गेल्यावर तो उघडा पडला. धुळे-नंदुरबार भागात अशा भिंती शेकडोंनी आहेत, बऱ्याचशा पूर्व-पश्चिम पसरलेल्या. गावात तिला नुसतं ‘धार’ म्हणतात. ती थंड होताना तिला आडव्या भेगा पडल्या, म्हणून तिचे दगड विटांसारखे चौकोनी सुटतात. गवंड्याने घडवून द्यावेत असे ते दगड खाली घरंगळून पडलेले असतात. शाळेच्या कलाशिक्षकांच्या मनात त्या दगडांतून काहीतरी मोठं करायचं कित्येक वर्षं होतं. ओट्याची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, “ताई, ओटा एकटा नको. सगळा उतारच चित्र होऊ द्या.”

अडचण

काम सुरू करायच्या आधी तीन गोष्टी अडल्या. जागेच्या खालच्या अर्ध्या भागात काळी माती होती, दगडांच्या चित्राचं आणि पाण्याचं जमत नव्हतं, आणि धाब्यावर घालायला पांढरी माती हवी होती. पहिल्या दोन अडचणी मला आधीच ठाऊक होत्या. तिसरी अडचण आहे हेच मला ट्रॉली भरून येईपर्यंत कळलं नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

पाया: रस्त्याजवळ की वर

देणाऱ्या कुटुंबाची इच्छा होती की ओटा रस्त्यावरून दिसावा. इच्छा रास्तच होती, त्यावर त्यांच्या आजींचं नाव लागणार होतं. आम्ही दोन खड्डे घेतले. रस्त्याकडच्या खड्ड्यात सात फुटांपर्यंत काळीच लागली. वरच्या खड्ड्यात दीड फुटावर मुरूम. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात, पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि निघून जातं. मे महिन्यात तिच्या भेगांत हात मनगटापर्यंत जातो. तिच्यावर सिमेंटचं घरही तडकतं, मग दगड-मातीच्या जोत्याचं काय?

काळी उपसून मुरूम भरायचा की ओटाच वर न्यायचा, एवढाच प्रश्न होता. उपसण्यात देणगीतला मोठा भाग गेला असता. मी कुटुंबातल्या मोठ्या दादांना वरच्या खड्ड्याशी नेलं, कुदळ हातात दिली आणि मुरमावर मारायला सांगितली. कुदळ खणकन परत आली. ते हसले आणि म्हणाले, “बरं, वरच बांधा.” हा निर्णय दहा मिनिटांत झाला आणि आजवर त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

ट्रॉली

धाब्याच्या वरच्या थरासाठी मी यादीत लिहिलं होतं: ‘गढीची पांढरी माती, दोन ट्रॉली.’ लिहिताना मला छान वाटलं होतं. जुन्या पद्धतीचं छप्पर, जुन्याच मातीचं. आमच्या आजोळी असंच करायचे.

ही माती धाब्याला का लागते याला कारण आहे. गढी किंवा पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचा उंचवटा. शेकडो वर्षं एकाच जागी घरं बांधली, पडली, त्यावर पुन्हा बांधली, चुली पेटल्या, राख पडली, गुरांचं शेण-मूत मुरलं. त्या सगळ्याची मिळून ती पांढुरकी, बारीक, खारट माती होते. वाळताना ती काळीसारखी तडकत नाही. पहिल्या पावसात तिचे कण सुटतात, बारीक छिद्रांत बसतात आणि वरचा पृष्ठभाग मिटतो, मग पाणी आत न मुरता वरून वाहून जातं. खारटपणामुळे गवतही चटकन धरत नाही. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसांनी ही माती अचूक ओळखली होती. आमचे मिस्तरी आबा चिमूटभर माती जिभेवर ठेवून सांगायचे, चालेल की नाही. “बठ्ठी माटी सारखी नही ऱ्हास” (सगळी माती सारखी नसते), हे त्यांचं पालुपद.

सरपंच भाऊंनी ट्रॅक्टर दिला. गढी गावाच्या उत्तरेला, नाल्याच्या काठावर. तिचा अर्धा भाग लोकांनी आधीच नेलेला, कुणी सारवायला, कुणी शेतात खत म्हणून. लोडरने एका बाजूने घास घेतला आणि पहिली ट्रॉली शाळेत येऊन पडली. कलाशिक्षक तिथेच उभे होते. त्यांनी ढिगातून एक खापर उचललं आणि अंगठ्याने पुसलं. लाल खापर, त्यावर काळ्या रंगाच्या तीन बारीक रेघा आणि एका रेघेला लागून तिरप्या फराट्या. मग एक शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला. मग हाडं. मुलं जमली आणि पाच मिनिटांत ढिगाभोवती वीस-पंचवीस डोकी वाकली.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, हे आपण काय आणलंय?”

मला ते कळायला हवं होतं. खान्देशात राहून बांधकामाचं काम करणाऱ्या कुणालाही कळायला हवं. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठांवरच्या अशा उंचवट्यांत या भागाचा सगळ्यात जुना इतिहास पुरलेला आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी प्रकाशे इथे बी. के. थापर यांनी १९५५ साली उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासून पुढच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळला तसंच. सावळदा या तापीकाठच्या गावाचं नाव तर एका संपूर्ण ताम्रपाषाण संस्कृतीला दिलेलं आहे. आमच्या गावची गढी किती जुनी आहे हे मी सांगू शकत नाही, तो माझा विषय नाही. पण लाल खापरावर काळी रेघ दिसली की लोडर थांबवायचा, एवढं कळण्याइतकी माझी समज होती. मी यादी लिहिताना ती वापरली नाही.

खापर हातात घेतल्यावर तेवढंच समजतं की ते खापर आहे. ते कुठल्या थरात होतं, त्याच्या वर काय आणि खाली काय होतं, शेजारी चूल होती की भिंत, यावरून त्याचा काळ आणि त्याचं काम कळतं. लोडरच्या एका घासाने ती जागा पुसली जाते. मग ट्रॉलीत फक्त माती उरते.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी शाळेच्या ओसरीत आम्ही सात-आठ जण बसलो. सरपंच भाऊ, मुख्याध्यापक, कलाशिक्षक, मिस्तरी आबा, कुटुंबातले मोठे दादा, त्यांच्या काकू (गावात सगळे त्यांना जिजी म्हणतात) आणि मी.

पहिला पर्याय सरपंच भाऊंनी मांडला: दुसरी ट्रॉली आणा आणि काम पुरं करा. “सगळं गाव नेतंच ना. आपण तर शाळेसाठी नेतोय. दोन ट्रॉल्यांनी काय होतंय?” त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. गढी सरकारच्या संरक्षित यादीत नव्हती, तिच्यावर पाटी नव्हती, आणि गेल्या पन्नास वर्षांत कुणी हटकलं नव्हतं. पण आम्ही बांधत होतो ती शाळेची वास्तू होती. गढी खोदून शाळेत माती आणली तर उरलेल्या गढीलाही आमच्याच नावाने परवानगी मिळाली असती.

दुसरा पर्याय पत्रा. मुख्याध्यापकांना तो सोयीचा वाटत होता आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेतलं नाही. पत्रा गळला तर कुणालाही बदलता येतो. पण खान्देशात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा पत्र्याखाली दुपारी कोण वाचणार?

तिसरा पर्याय माझा होता आणि आज त्याची लाज वाटते: वर सिमेंटचा स्लॅब आणि त्यावर दिसण्यापुरता मातीचा लेप. कलाशिक्षकांनी मला मध्येच थांबवलं. ते म्हणाले की मुलांना दाखवण्यासाठी आपण हे करतोय, मग त्यांना खोटं छप्पर कसं दाखवायचं. मी गप्प बसले.

चौथा पर्याय दुसरी माती शोधण्याचा. पाझर तलावातला गाळ, चुना, मुरमाची चाळ असं मिश्रण करून बघायचं. ते जमलं असतं, पण तपासायला महिना-दीड महिना लागणार होता आणि मे उजाडला होता.

जिजी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या घरावर दीड हात माती होती. ती कुठे गेली?”

सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. ती कुठेही गेली नव्हती. पडक्या घराच्या ढिगाऱ्यात होती. परवा जेसीबी येऊन तो ढिगारा नाल्यात लोटणार होता, कारण आमच्या सगळ्यांच्या लेखी तो कचरा होता. लाकूड काढून घेतलं, माती सोडून दिली.

यातूनच आणखी एक गोष्ट उलगडली. घर का पडलं? लाकूड तर अजून खणखणीत होतं. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर नवा थर घालायचे, पण जुना कुणी उतरवायचं नाही. चार पिढ्यांत तो दीड हात झाला. कोरड्या मातीचं वजन घनमीटरला साधारण सोळाशे किलो धरतात. म्हणजे एक फूट जाडीच्या धाब्याचं ओझं दर चौरस फुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास, आणि भिजलं की त्याहून जास्त. सर त्या ओझ्यासाठी घातलेलेच नव्हते. आमच्या नव्या धाब्याला सहा इंचांचा थर पुरे होता. ओटाही जुन्या घरापेक्षा खूपच लहान. हिशेब केला तर घाण, मुळ्या, कुजका भुसा वगळूनसुद्धा ढिगाऱ्यातली माती उरणार होती.

गढीची ट्रॉली सुरुवातीपासून लागतच नव्हती.

जेसीबीवाल्याला आठ दिवस थांबवलं. मोठ्या दादांना घराच्या पायाचा मुहूर्त पुढे ढकलावा लागला, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

काम

माती चाळणं हे त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं काम झालं. बचत गटातल्या बारा बायका सकाळी सहा ते दहा यायच्या. खाटेवर जाळी टाकून चाळायचं, मोठे ढेकूळ धुमसाने फोडायचे, पुन्हा चाळायचं. वरच्या थरातली पांढरी आणि आतला गारा वेगळा ठेवायचा. आबा रोज दोन-तीन ढिगांतली चिमूट चाखायचे. मी माझ्या समाधानासाठी बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी रेती, गाळ आणि चिकणमातीचे थर मोजायची. पाच ढिगांपैकी चारांवर आबांच्या जिभेचं आणि माझ्या बरणीचं एकमत झालं. पाचव्यात ते म्हणाले ‘नको’, मी म्हणाले ‘चालेल’. त्या मातीची ताटलीएवढी वडी उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत मधोमध तडकली. ढिगाऱ्याच्या त्या बाजूला अंगणातली काळी मिसळली होती.

आणलेली ट्रॉली आम्ही वापरली नाही. खापरं, बांगडीचे तुकडे आणि हाडं वेगळी काढून, तारीख आणि जागा लिहून शाळेत ठेवली. तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व खात्याला पत्र दिलं. माती गढीच्या पायथ्याशी परत नेऊन टाकली. कलाशिक्षकांनी तेव्हाच मुलांना सांगितलं की माती परत आली, पण थर परत आले नाहीत. ते ऐकताना मी मुलांच्या मागे उभी होते.

दगडांचं चित्र वेगळ्या वाटेने गेलं. सरांना चढावर मोठं आवर्त हवं होतं, धारेच्या दगडांनी रचलेलं. त्यांच्या डोळ्यांसमोर रॉबर्ट स्मिथसन या अमेरिकी कलावंताने १९७० साली युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी केलेली ‘स्पायरल जेट्टी’ होती: काळा बेसाल्ट आणि माती, पाण्यात शिरत गेलेला सुमारे पंधराशे फूट लांबीचा वळसा. दगड आपलाच, बेसाल्टच, हे त्यांना फार आवडायचं. पण ते आवर्त सपाट तळ्यात आहे. त्यावर पाणी चढलं, दशकानुदशकं ते बुडून राहिलं आणि २००२ च्या सुमाराला पुन्हा वर दिसू लागलं. चढावर आवर्त घातलं तर पाणी त्याच्या कडेकडेने धावणार, एका जागी जमणार आणि तिथून घळ पाडत थेट ओट्याच्या जोत्यावर येणार. मी हे कागदावर काढून दाखवलं तरी सरांना पटेना. मग आम्ही दोघांनी चढावर खडीचं छोटं आवर्त मांडलं आणि वरून चार घागरी ओतल्या. पाणी कुठे गेलं हे त्यांनी पाहिलं, बराच वेळ उकिडवे बसून राहिले आणि म्हणाले, “मग याला उतारानेच वळू द्या.”

आवर्ताच्या जागी समपातळीवर, म्हणजे उताराला आडव्या, चंद्रकोरीसारख्या नऊ कमानी आल्या, एकीखाली एक, टोकं एकमेकींकडे वळलेली. चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड. धारेला पहार लावायची नाही, आपोआप घरंगळलेलेच दगड घ्यायचे, असा नियम मुलांनीच केला. दगड उचलायच्या आधी काठीने उलटवायचा, खाली विंचू किंवा फुरसं असलं तर तो दगड त्याचाच. असे सतरा दगड सोडून दिल्याची नोंद एका मुलीच्या वहीत आहे.

धाबं घालताना एक घाई झाली. तुराट्या पुरेशा मिळाल्या नाहीत म्हणून मी पऱ्हाट्या घ्यायला सांगितल्या, त्याच हंगामातल्या. आबांनी दोनदा विचारलं, “ताई, ओल गेली का हिच्यातली?” मी हो म्हटलं.

पहिला आणि दुसरा पावसाळा

पहिल्या पावसाळ्यात धाबं एका कोपऱ्यात गळलं, जिथे लाकडी पन्हाळीचं तोंड मातीत बसवलं होतं. लाकूड फुगलं, आकसलं आणि मध्ये फट राहिली. जोडाला राख आणि चुन्याचा लगदा भरल्यावर थांबलं. बाकी छप्पर कोरडं राहिलं. दगडांच्या दोन कमानी ऑगस्टच्या एका रात्रीत फुटल्या, कारण जास्तीचं पाणी जायला आम्ही वाट ठेवली नव्हती. दुरुस्ती करताना प्रत्येक कमानीच्या एका टोकाला सांडवा ठेवला. गावातले म्हातारे म्हणाले, हे आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं. याच पांझरेवर त्यांच्या वाडवडिलांनी दगडी बंधारे आणि फडाचे (गावाने मिळून शेतांना पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचे) पाट तीनशे वर्षांहून जास्त काळ चालवलेत.

पऱ्हाट्यांना त्याच हिवाळ्यात भुंगा लागला. खाली वाचत बसलेल्या मुलांच्या पुस्तकांवर पिवळा भुगा पडायला लागला. एका बाजूचं धाबं उतरवून, वर्षभर वाळलेल्या तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा भरावं लागलं. आबांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्याहून मोठी गोष्ट घडली: काहीच घडलं नाही. मुख्याध्यापकांची बदली झाली. धाब्यावर जूनच्या आधी चढून भेगा बुजवायच्या, पातळ गारा फिरवायचा, पन्हाळ साफ करायची, हे सगळं ‘शाळा बघेल’ असं ठरलं होतं. नव्या मुख्याध्यापकांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. पावसाळ्यात छपरावर गवत माजलं आणि मधल्या सरावर ओल उतरली.

तेव्हा मला फडाची आठवण झाली. फड टिकला तो पाण्यावर सगळ्यांचा हक्क होता म्हणून आणि पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसं नेमलेली होती, त्यांचा मेहनताना ठरलेला होता म्हणूनही. पाट साफ करणं हे कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नव्हतं. आम्ही ओट्याचं सगळं ठरवलं, तेवढं मात्र चांगुलपणावर सोडलं होतं.

आता ते काम बचत गटाकडे आहे. ज्या बायकांनी माती चाळली त्याच दरवर्षी आखाजीनंतर धाब्यावर चढतात. मजुरी माजी विद्यार्थ्यांच्या ठेवीच्या व्याजातून मिळते, थोडी कमी पडली तर ग्रामपंचायत भर घालते. आम्ही चारही कोपऱ्यांत सहा इंच उंचीचे दगड रोवले आहेत. माती दगडाच्या डोक्यापर्यंत आली की नवा थर घालायच्या आधी तेवढी जुनी उतरवायची. ती उतरवलेली माती वाया जात नाही. भाद्रपदात मुली त्यातूनच भुलाबाई करतात, पोळ्याला मुलं बैल करतात.

आज ओटा कसा आहे

तिसरा पावसाळा झाला. ओटा उभा आहे, गळत नाही. मी एका मे महिन्यात दुपारी तीन वाजता ओट्याखाली आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये थर्मामीटर लावून बसले. हवेच्या तापमानात दोन अंशांचाच फरक होता. उघड्या मांडवात याहून जास्त असणारही नाही. पण पत्र्याखाली डोक्यावर जी धग येते ती इथे नाही, कारण मातीचा जाड थर दुपारी खालून फारसा तापत नाही. मुलांना आकडा नको असतो. ती आपोआप इथे येऊन बसतात.

कमानींमागे गाळ धरला आहे आणि त्यात पवना-शेडा गवत उभं राहतं. पावसाळ्यात वरच्या तीन कमानी दिसतच नाहीत. सर म्हणतात, हेच हवं होतं. सुरुवातीच्या आवर्ताचा कागद त्यांनी अजून जपून ठेवला आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं, यादीत ‘पांढरी माती’ लिहिण्याआधी पडकं घर मोजेन. गावात धाब्याची घरं रोज पडताहेत आणि प्रत्येकाच्या ढिगाऱ्यात दोन-चार नव्या छपरांची माती नाल्यात जाते आहे. ती माती कधीकाळी कुठल्यातरी गढीतूनच आली होती. ती पुन्हा वापरली की नवी गढी खोदावी लागत नाही.

पऱ्हाट्यांबद्दल आबांचा दुसरा प्रश्न हाच नकार समजेन. आमच्या भागात जुनी माणसं ‘नको’ असं तोंडावर म्हणत नाहीत, तेच पुन्हा विचारतात. मी शहरात शिकले आणि हे विसरले.

सांडव्याचं म्हाताऱ्यांना विचारेन. देखभालीचा करार पायाच्या आधी करेन, पैसे आणि माणसं दोन्ही लिहून.

एका बाबतीत अजून माझं मत पक्कं होत नाही. त्या पहिल्या ट्रॉलीतली खापरं शाळेत ठेवावीत की खात्याकडे द्यावीत यावर आमच्यात दोन तट होते. आम्ही शाळेत ठेवली, कारण मुलांनी ती पाहावीत असं सरांना वाटत होतं. आता मला वाटतं की पहिल्याच दिवशी सोपवायला हवी होती. शाळेच्या कपाटात खापर दिसल्यावर दोन मुलांनी घरून आणखी खापरं आणली, गढीतून उकरून. त्यांना शाबासकी हवी होती. सरांना त्यांना समजावताना फार अवघड गेलं.

तेव्हापासून सर दरवर्षी सातवीच्या वर्गाला गढीवर नेतात. हात मागे बांधून उभं राहायचं आणि कापलेल्या बाजूचे थर वहीत काढायचे: राखेची काळी पट्टी, लाल भाजकी माती, पुन्हा पांढरी. काढून झालं की सर नाल्याकडचा कोपरा दाखवतात, जिथे लोडरने घास घेतला होता. तिथे थर एकदम तुटतात. खाली आम्ही परत टाकलेल्या मातीचा ढीग पावसाने बसून सपाट झाला आहे. मुलं तो कोपरा वहीत कोराच सोडतात.